शून्याखालचं जंगल

माझ्या आत्याला राग आला की ती आधी गोड बोलते. "आपण जरा बसता का?" असं तिनं कुणाला म्हटलं, की समजावं, त्या माणसाची आता धडगत नाही. दुसरी पायरी म्हणजे तिची गावची बोली. एरवी बुखारेस्टमध्ये तिचं बोलणं इस्त्री केल्यासारखं असतं. पण राग टाळूपर्यंत चढला की "नाही"चं "न्हाई" होतं, "कशाला"चं "कशापायी" होतं, आणि उत्तरेच्या डोंगरातलं आमचं रुंकुशोर गाव अख्खंच्या अख्खं तिच्या तोंडातून बाहेर पडतं, गुराख्यांसकट. तिसऱ्या पायरीला ती गप्प होते. ती तिसरी पायरी मी जन्मात एकदाच ऐकली. हो, ऐकलीच. आत्याचं गप्प बसणंसुद्धा ऐकू येतं.

आत्याचं नाव झेनोविया बुलिगा. नावामागे डॉक्टर लागल्यापासून गावातल्या बायका तिला पोटऱ्यांवरच्या सुजलेल्या शिरा दाखवायला येतात. "अहो, मी गणितातली डॉक्टर," असं ती सांगते. एकदा शेजारच्या पाराशिवाकाकू पाय तसाच पुढे ठेवून म्हणाल्या, "असू दे गं. मग मोजून तरी सांग."

लहानपणी ती 'लांडग्याची पाठ' नावाच्या उतारावर गाई राखायची. हा उतार आमच्या घराच्या बरोबर डोक्यावर आहे. तेव्हा त्यावर इतकी दाट झाडी होती, की एका गाईच्या गळ्यातली घंटा दहा गाईंची वाटायची, असं आजोबा सांगतात. पोरीला घंटेवरून गाय ओळखता यायची. मग शाळेत तिला मॅट्रिक्स भेटली, म्हणजे आकड्यांची चौकट, आणि पोरगी गाई सोडून आकड्यांच्या मागे लागली. याश शहरात शिकली, बुखारेस्टला नोकरीला लागली. मध्ये एका इंजिनिअरशी लग्न केलं. त्याला बायकोची तिसरी पायरी फार लवकर ऐकायला मिळाली म्हणतात; मोडलं. आता तिच्याकडे दोन खोल्या आहेत, संस्थेतल्या टेबलाशेजारी रबराचं एक झाड आहे आणि शाळेसाठी येऊन राहिलेली मी आहे, कातिंका, तिच्या भावाची मुलगी.

उपग्रहावरच्या रडारनं टिपलेल्या चित्रांतून देशातलं जंगल ओळखायचं, हे तिच्या संस्थेचं काम. ते तिनं मला गावी एका ईस्टरच्या जेवणात शिकवलं. म्हणजे मी शिकले. ती ओरडत होती. सगळेच ओरडत होते. कोबीच्या पानातल्या गुंडाळ्यांत भात जास्त की मांस, यावरून.

"कातिंका, डोळे मीट," आत्या म्हणाली. "तू रडार आहेस. वरून एक लहर सोडलीस, एकदा उभी डोलणारी, एकदा आडवी डोलणारी. उघड्या मातीवर आपटली तर जशी गेली तशी परत येते. फांद्यांमध्ये शिरली तर पिळवटून येते. उभीची आडवी, आडवीची उभी. हे सगळं येणंजाणं मी नऊ घरांच्या चौकटीत भरते आणि त्यातून तीन आकडे काढते. स्वमूल्यं म्हणतात त्यांना. तीन आवाजांची ज्याची त्याची स्वतःची किंमत. आता सांग, या खोलीत काय ऐकू येतंय?"

"सगळेच बोलतायत. कुणी कुणाचं ऐकत नाहीये."

"तिन्ही आवाज सारखे. हे झालं जंगल. आता बाबा टेबलावर मूठ आपटतील बघ."

आजोबांनी आपटली. सगळे गप्प झाले.

"एक आवाज मोठा, बाकी दोन शून्याला टेकलेले. ही उघडी जमीन."

आजोबांनी प्लमची दारू ओतता ओतता विचारलं, "आन् शून्याच्या खाली काय असतं गं?"

"शून्याच्या खाली काही नसतं, बाबा. गप्प बसलेल्या माणसाहून जास्त गप्प कोण बसणार?"

"तुझी आई बसायची," आजोबा म्हणाले, आणि तो विषय तिथेच मिटला.

त्यानंतर काही वर्षांनी लांडग्याची पाठ कापली गेली. रुंकुशोर या नावाचा अर्थच जंगल तोडून केलेली लहानशी मोकळी जागा. आता नाव खरं झालं, फक्त लहानशी हा भाग गेला. ट्रक रिकामे चढायचे, भरलेले उतरायचे, आणि परवाना कुणाचा विचारलं की जो तो दुसऱ्या दिशेला बोट दाखवायचा. वर खुंट राहिले आणि उलटी पडलेली मुळं. मग जरा जोराचा पाऊस झाला की ओढ्यातून चिखल आजोबांच्या अंगणात येऊ लागला. आधी कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत. मग पायरीपर्यंत.

त्यावर उपाय होता. उघड्या उतारांखालच्या गावांना सरकार ओढ्यावर दगडी बांध बांधून देणार होतं. फेब्रुवारीच्या सुट्टीत आत्या आणि मी गावी गेलो, तेव्हा ती सरळ सरपंचाच्या कचेरीत गेली. सरपंच विकेंती शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा आणि तिची गणितं उतरवायचा. हा माणूस प्रत्येक वाक्याला "म्हंजे कसंय" चिकटवतो, जणू पुढे काहीतरी समजावून सांगणार आहे. कधीच सांगत नाही.

"म्हंजे कसंय, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "बांधाच्या यादीत आपलं गाव न्हाई."

"का नाही?"

त्यानं भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. लांडग्याच्या पाठीवर हिरवागार रंग होता. "हिरवं म्हंजे जंगल. जंगल असलं की बांध न्हाई."

"विकेंती, खिडकीबाहेर बघ."

"बघितलं की. पर म्हंजे कसंय, खिडकीवर शिक्का न्हाई. नकाशावर हाय." आणि मग जिभेनं दात पुसत, मजा घेत, "खाली सही कुणाची हाय, वाचा जरा."

आत्यानं वाचलं. सही तिचीच होती.

आजोबा अंगणात फावडं घेऊन उभे होते. त्यांना बातमी आमच्या आधीच पोचली होती. रुंकुशोरमध्ये बातम्या माणसांच्या पुढे चालतात. "काय गं, तुझ्या यंत्राला माझ्या डोंगरावर झाडं दिसतात व्हय? बेस झालं. त्याला सांग, चुलीला चार लाकडं पाठव म्हनावं."

परतीच्या गाडीत आत्या सुचावा स्टेशनापासून बुखारेस्टपर्यंत एकच वाक्य बोलली: "माझी सही."

संस्थेत मी शाळा सुटल्यावर जाऊन बसायचे, कारण घराची किल्ली एकच होती आणि ती आत्याच्या खिशात असायची. तिथे सगळे घरातल्या सपाता घालून हिंडतात. डायरेक्टर पाम्फिलसाहेबही. गृहस्थाला जगात एकाच गोष्टीची भीती: वाऱ्याच्या झोताची. एक खिडकी आणि एक दार एकाच वेळी उघडं राहिलं की त्यांची मान धरते, दात दुखतात, मूत्रपिंडं गारठतात. म्हणून जुलैतही गळ्यात मफलर. बोलतात असे, की आपल्याच प्रश्नाला आपणच उत्तर देऊन मोकळे: "काम छान चाललंय, हो की नाही? हो." समोरच्याला "नाही" म्हणायला फटच ठेवत नाहीत. तिथूनही झोत यायचा एखादे वेळी.

आत्यानं रडारच्या चित्रातले लांडग्याच्या पाठीचे ठिपके काढले आणि रंग देण्याआधीचे आकडे बघितले. मग मला बोलावलं. मला बोलावलं म्हणजे भिंतीला बोलावलं. तिला कुणावर तरी ओरडायचं होतं.

"हे बघ. आमचा प्रोग्रॅम काय करतो? जेवढी पिळवटलेली लहर दिसेल तेवढी सगळी आधी झाडांच्या नावावर टाकतो आणि वजा करतो. उरलं ते जमिनीचं. पण रडारच्या अंगावर कललेला उघडा उतारसुद्धा लहर पिळतो! खुंट पिळतात, उलटी मुळं पिळतात! ते सगळं झाडांच्या नावावर! पिशवीत दोन पाव आहेत. हा म्हणतो, मी तीन काढले. मग पिशवीत उरलं काय?"

"उणे एक पाव."

"उणे एक पाव! स्वमूल्य शून्याच्या खाली! आजवर कुणी उणे पाव खाल्लाय? तिथेच थांबून म्हणायला हवं, की बाबा रे, तुझं वजा करणं चुकलं. पण नाही. पुढे कुणीतरी एक ओळ घातलीय: उणं आलं तर शून्य लिहा. झालं! पिशवी नीटनेटकी! आणि ते तीन पाव तसेच हिशेबात. तीन पावांचं जंगल. माझ्या बापाच्या डोक्यावर!"

"कुणी घातलीय ओळ?"

"तेच विचारायला चाललेय," ती म्हणाली, एकदम गोड आवाजात.

ती साहेबांच्या खोलीत शिरली आणि म्हणाली, "आपण जरा बसता का, साहेब?" साहेब बसलेलेच होते. ते उठून पुन्हा बसले. तिनं जाऊन खिडकी उघडली. दार मागे उघडंच होतं. मी बाहेर कॉरिडॉरमधल्या बाकावर होते, त्यामुळे मला एकेक शब्द ऐकू आला.

"झोत! झोत! झेनोवियाबाई, दार!"

"थोडी हवा येऊ द्या. या नकाशाला फार वर्षांत लागलेली नाही. उण्याचं शून्य कुणी केलं?"

"कुठलं उणं? कसलं शून्य? छान नकाशा आहे, हो की नाही? हो."

"नाही!"

बहुधा त्या खोलीत हा शब्द पहिल्यांदाच उमटला असावा. साहेब मफलर आवळत म्हणाले, "प्रोग्रॅम तिबेरिउकडे असतो. तिबेरिउला बोलवा. आणि कुणीतरी ती खिडकी लावा!"

तिबेरिउ म्हणजे आत्याचा जुना विद्यार्थी. बारा महिने सर्दी, त्यामुळे त्याच्या 'म'चा 'ब' होतो. तो आला आणि दारातच उभा राहिला. आत्याची दुसरी पायरी सुरू झाली होती.

"कशापायी केलंस रे? कुनी सांगितलं तुला? उण्याचं शून्य करायला कुनी शिकिवलं?"

"बॅडब," तिबेरिउ म्हणाला, म्हणजे मॅडम, "तुब्हीच."

"मी?"

आणि मग तो बोलला. शपथेवर सांगते, मला वाटलं आत्याच बोलतेय. सर्दी कुठल्या कुठे गेली. तिची ती इस्त्रीची भाषा, वाक्याआधीचा बारीक खोकला, शेवटच्या शब्दावर पडणारी टाळी. "'उणं थोडंफार येतंच, मुलांनो, मोजमापातल्या गोंगाटामुळे. त्याचा बाऊ नको. शून्य करा आणि पुढे चला, माझी बस चुकेल.'"

आवाज काढण्यात आमच्या घरात मला तोड नाही, पण हे मला जमलं नसतं. मी आत्याची नक्कल चिडवण्यासाठी करते. या पोरानं ते वाक्य वर्षानुवर्षं डोक्यात जपून ठेवलं होतं, वर्गात पहिल्या दिवशी ऐकलं तसंच्या तसं, कारण ते बाईंचं होतं.

आत्या गप्प झाली. खिडकीचं दार आपटत होतं. साहेबसुद्धा झोत विसरले. ती तिसरी पायरी. तोवर मला वाटायचं, माणूस दुसऱ्यावर खूप चिडला की गप्प होतो.

पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरात बोलणं नव्हतं, फक्त बटणं दाबल्याचा आवाज आणि करपलेल्या कॉफीचा वास. ती सगळा हिशेब नव्यानं मांडत होती. नवी रीत अशी: झाडांना द्यायचं ते तेवढंच, की उरलेल्यातलं सगळ्यांत लहान स्वमूल्य शून्याला जाऊन टेकेल. टेकलं की हात आखडायचा. त्यापुढे एक कण नाही. आणि जिथे जिथे जुनी रीत शून्याच्या खाली गेली होती, ते सगळे ठिपके तिनं काळे रंगवले. काळं म्हणजे: इथे आम्ही जंगल आहे म्हणत होतो, जाऊन बघा.

नकाशा छापून आला, तेव्हा मला वाटलं कुणीतरी त्यावर मिरी सांडलीय. एकट्या आमच्या उतारावर नव्हे. डोंगराच्या रांगेरांगेवर.

पाम्फिलसाहेब स्वतः तिच्या टेबलापाशी आले, हातात चॉकलेटचा खोका. खुर्ची त्यांनी खिडकीपासून लांब, रबराच्या झाडाच्या आडोशाला ओढली. मी पलीकडे बसून इतिहासाचं पुस्तक वाचत होते, म्हणजे वाचत नव्हते.

"झेनोवियाबाई, विद्वान माणसं आपण. मंत्रालयात हिरवा रंग मोजून झालाय. भाषणं होऊन गेली. आता ही मिरी घेऊन मी कुठे जाऊ? कुठेच नाही." मग आवाज खाली आला, अगदी लोण्यासारखा. "तुमच्या वडिलांचं घर त्या उताराखाली आहे म्हणे. मला का नाही सांगितलंत? आपण परके का? नाही. एवढा एक उतार हातानं दुरुस्त करू. हिरव्याचा तपकिरी. कोण बघतंय? बांधाच्या यादीत गाव येईल, उन्हाळ्याआधी काम सुरू. बाकी नकाशा आहे तसा जाऊ दे, तुमच्या सहीनं. बरं झालं की नाही? झालं."

आत्या त्या चॉकलेटच्या खोक्याकडे बघत होती. मला तिच्या कपाळावरची शीर दिसत होती. मला आजोबांचं खुराडं दिसत होतं, पायरी दिसत होती. मी मनातल्या मनात ओरडत होते, हो म्हण, हो म्हण.

"आणि बाकीचे काळे?" तिनं विचारलं.

"बाकीचे?" साहेब हसले. "त्यांच्याखाली काही तुमचे बाबा राहत नाहीत."

बस. आत्या उठली. गोड बोलण्याची पायरी गाळून सरळ दुसरीवर.

"न्हाई राहत? मग कोन राहतंय तितं? उणे मानसं? त्येंचे कुनी बाप न्हाईत? माज्या बापाला मी चोरून बांध घालू, आन् दुसऱ्याच्या बापाला माज्या सहीचं जंगल पांघरून निजवू? ह्यो काळा नकाशा. हितं माजी सही. त्यो हिरवा तुमचा. त्येच्यावर तुमी करा सही, न्हाईतर ह्या झाडाची घ्या!" आणि रबराच्या झाडाची कुंडी तिनं अशी सरकवली, की साहेब पान बाजूला करत उठले.

त्यांच्या सहीला किंमत नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. नकाशावर सही करायचा हक्क गणितवाल्यांचाच.

संध्याकाळी आत्यानं गावी फोन लावला. स्पीकरवर लावला आणि दोन्ही हातांनी टेबल पुसायला लागली.

"बाबा, बांध मिळत होता. मी नको म्हटलं."

"कुणाचा बांध?"

"आपला."

मागे कुत्रं भुंकत होतं. "म्हंजे डोंगरावर झाडं न्हाईत, हे तर व्हतंच," आजोबा म्हणाले. "आता माझ्या लेकीच्या टाळक्यात बी काय उरलं न्हाई." फोन बंद.

ईस्टरला त्यांनी बसड्रायव्हरबरोबर पेटी पाठवली. मेणाच्या रेघांनी रंगवलेली अंडी, माझ्या नावाची. आत्याच्या नावाचं एकही नाही. तिनं पेटीच्या तळातला भुसासुद्धा चाचपून बघितला. मी त्यातलं एक तिला दिलं, तर म्हणाली, "माझं नाही ते," आणि इतक्या जोरात भांडी घासायला लागली की पाराशिवाकाकूंना गावात ऐकू गेलं असेल.

तिकडे साहेबांनी हिरवा नकाशा तिबेरिउपुढे ठेवला; तोही गणितवालाच. हे मला तिबेरिउनंच सांगितलं, कॅन्टीनमध्ये, माझ्या वांग्याच्या भरताबरोबरचा अर्धा पाव खाता खाता. साहेब म्हणाले, तरुण आहात, पुढे जायचंय, हो की नाही? हो. "आणि बग बी काय बोललो, बला ठाऊक नाही," तिबेरिउ म्हणाला.

"काय बोललास?"

तो बोलला. बारीक खोकला आधी. आणि आत्याच्या आवाजात, एकही 'ब' न घालता: "शून्याच्या खाली काही नसतं, साहेब."

त्यानं सही केली नाही. मग सहीवाला नकाशा एकच उरला, आणि मिरी सांडलेला तोच नकाशा मंत्रालयात गेला. आत्याला तळमजल्यावर हलवलं, बंद पडलेल्या छपाईयंत्रांशेजारी. तिचा शिकवणीचा वर्गही काढून घेतला. तळमजल्यावरच्या त्या खोलीत खिडकीच नव्हती. "साहेबांनी स्वतः तिथे बसायला हवं," आत्या म्हणाली. "झोताचं नाव नाही."

बांध मात्र कुणालाच मिळाला नाही. मंत्रालयाची समिती म्हणे विचार करत होती. समितीचा विचार चालू असताना जूनमध्ये पाऊस आला.

आजोबांचं उन्हाळी स्वयंपाकघर अंगणाच्या टोकाला होतं, लाकडी, आजीच्या वेळचं. चूल, जॅमची मोठी कढई, खारवलेल्या काकड्यांच्या बरण्या, सगळं त्यात. लांडग्याची पाठ दुपारी घसरली. आजोबा तेव्हा गोठ्यात होते म्हणून वाचले. स्वयंपाकघर ओढ्यापलीकडे विकेंतीच्या कुंपणाला जाऊन अडकलं, दाराची कडी अजून लावलेली.

आम्ही पोचलो, तेव्हा आजोबा गुडघाभर चिखलात फावडं मारत होते. त्यांनी वर बघितलं नाही. आत्यानं पिशवी माझ्या हातात दिली, त्यांचे जुने रबरी बूट चढवले, दुसरं फावडं घेतलं आणि त्यांच्याकडे पाठ करून उपसायला लागली. बापलेक पाठीला पाठ लावून उपसत होते आणि एकमेकांशी न बोलता भांडत होते. मला दोघांमध्ये उभं करून.

"कातिंका, तुझ्या आत्याला सांग, तिचं जंगल खाली आलंय अंगणात. मोजून घे म्हनावं."

"कातिंका, तुझ्या आजोबांना सांग, मला माहितीये."

"तिला इचार, मार्चात बांध घेतला असता तर कढई राहिली असती का न्हाई."

"त्यांना सांग, राहिली असती."

आजोबा थांबले. असं सरळ उत्तर त्यांना नको होतं. त्यांना भांडायचं होतं. "आन् बाकीच्यांचं काय झालं असतं?" त्यांनी विचारलं. मला नाही. तिच्या पाठीला.

"त्यांचं नकाशावर जंगल झालं असतं," आत्या म्हणाली. "कायमचं."

आजोबा चिखलात थुंकले. मग दोन्ही फावडी पुन्हा चालू झाली.

त्याच आठवड्यात समितीची माणसं आली. एक उंच बाई आणि एक तरुण साहेब, पायात शहरी पातळ बूट. विकेंती पुढे पुढे, हातानं वाट दाखवत: "या, या, म्हंजे कसंय, मी तर पहिल्यापासनं सांगतोय, उतार उघडा हाय, उघडा हाय! पर ऐकतंय कोन!" मला त्याच्या तोंडात तो सगळा चिखल कोंबावासा वाटला. आत्यानं फावडं एवढं घट्ट धरलं, की मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

तरुण साहेबानं अंगणात पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय वर आला, बूट नाही आला. त्या बाईंनी नकाशा उघडला. मिरीचा.

"इथे काळं दाखवलंय," त्या म्हणाल्या. "म्हणून आम्ही आलो. पण काळं म्हणजे नेमकं काय, ते आम्हाला कुणी सांगत नाही."

"म्हंजे कसंय..." विकेंतीनं सुरुवात केली.

"तू गप!" आजोबा म्हणाले. मूठ आपटायला टेबल नव्हतं, म्हणून त्यांनी फावडं आपटलं. सगळे गप्प झाले. ओढासुद्धा. "काळं म्हंजे काय, ते मी सांगतो. लिवा, बाई. जंगल: शून्य. सैपाकघर: शून्य." मग त्यांनी बोट केलं, आत्याकडे. "आन् ही माझी लेक. खोटं लिव म्हनले तर लिवलं न्हाई. हिचा एकटीचा आवाज मोठा. लिवलं?"

बाईंनी लिहिलं. "उघडा उतार," त्या म्हणाल्या, "बांध आवश्यक," आणि खाली सही केली. तरुण साहेब एका पायावर उभं राहून बूट शोधत होता.

आत्या आजोबांकडे बघत राहिली. आता ही रडणार, असं मला वाटलं.

"बघतीस काय?" आजोबा खेकसले. "चिखल काय तुझा डायरेक्टर उपसनार हाय?"

आत्यानं फावडं उचललं. मग समितीच्या बाईंकडे वळली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "नकाशावर बाकीची काळी गावं आहेत. तिथे आपण गेलात का?"

"एकेक करून जातोय," बाई म्हणाल्या. "हे पहिलंच."

"पहिलंच? जून आलाय! माणसं तिथं काय पोहत बसल्यात व्हय? निघा मग! आन् त्येच्या पायात आदी धड बूट घाला!"